रिकाम्या चौकोनाचा अर्थ विचारणाऱ्या खंदारे मॅडम

यशोधरा खंदारे मॅडमची आणि माझी ओळख कापसामुळे झाली, असे मी सांगतो तेव्हा लोकांचा गैरसमज होतो. मी सेलूचा. वडील तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर कामाला होते. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते, मॅडम कापसाच्या व्यवहारासाठी सेलूला आल्या असतील. प्रत्यक्षात तो कापूस संगणकाच्या पडद्यावरचा होता, आणि तो मीच घालवला होता.

पुण्यात काही वर्षे नोकरी करून मी गावी परतलो होतो. वडिलांची प्रकृती ढासळली होती आणि घराजवळ काम हवे होते. परभणीत वसमत रस्त्यावर, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर कोणी खंदारे मॅडम शाळांची, दवाखान्यांची, संस्थांची संगणकाची कामे करतात, असे कळले. सकाळच्या गाडीने मी गेलो. मॅडमनी माझी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि एक फॉर्म तयार करायला दिला. शेतकरी कुटुंबाची माहिती भरायची. ‘शेती आहे’ या चौकोनात खूण केली की खाली पिकांची यादी उघडावी, आणि पिकासमोर खूण केली की त्याच्याखाली पाण्याची सोय विचारणारे आणखी चौकोन यावेत. एकात एक असे तीन थर होते. दुपारपर्यंत मी फॉर्म केला, रंगरूपही चांगले दिले.

मॅडम माझ्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी शेतीवर खूण केली, मग कापसावर, तुरीवर, कापसाखाली ठिबकवर. मग शेतीवरची खूण काढली. यादी मिटली. पुन्हा खूण केली. यादी उघडली, पण आतले सगळे चौकोन रिकामे.

“अनंत, माझा कापूस कुठं गेला?”

“मॅडम, तुम्ही शेतीवरची खूण काढली ना, म्हणून खालचं सगळं गेलं.”

“बोट चुकलं माझं. बोट चुकलं म्हणून उभं पीक मोडायचं का?”

भरणाऱ्याने जरा सांभाळून भरायला हवे, असे काहीतरी मी म्हणालो. मॅडमचा आवाज चढला नाही. “आपला माणूस रांगेत उभा राहून, मागच्याचे धक्के खात मोबाइलवर फॉर्म भरायलाय. सांभाळायचं काम आपलं आहे, त्याचं नाही. जेवून घ्या आणि नीट करा. झाकलेल्या खुणा जपून ठेवायच्या. मात्र वरची खूण नसेल तर त्या पुढं पाठवायच्या नाहीत. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.”

‘जेवून घ्या’ याचा अर्थ नोकरी मिळाली असा होता, हे मला संध्याकाळी शबाना यांनी सांगितले. शबाना या मॅडमच्या पहिल्यापासूनच्या सहकारी. त्या म्हणाल्या, “पसंत न्हाई पडला तर त्या चहा पाजतात अन् वाटेला लावतात. जेवायला सांगितलं म्हणजे ठेवला.”

मॅडमचे बालपण पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. वडील रेल्वेत होते, रुळांचे सांधे बदलायचे काम करीत. मॅडमच्या आठवणींत वडिलांचा एक आग्रह नेहमी येतो. घरात कोणी “मला वाटलं” म्हणाले की ते थांबवीत आणि विचारीत, “वाटलं का पाहिलं?” आई शिकलेली नव्हती, पण दोन्ही मुलींच्या शाळेची वेळ तिने कधी चुकू दिली नाही. पूर्णेहून परभणीला रोज गाडीने येऊन मॅडम शिकल्या, तंत्रनिकेतनात शिकवू लागल्या, आणि पुष्कळ वर्षे शिकवल्यावर ती पक्की नोकरी सोडून त्यांनी हे छोटे कार्यालय थाटले. नोकरी का सोडली, असे त्यांना अनेकांनी विचारले आहे. त्यांचे उत्तर साधे असते. “विद्यार्थी लय हुशार निघायचे, पण सगळे पुण्याला जायचे. मला वाटलं, थोडे इथं राहावेत.” मग स्वतःच हसून म्हणतात, “बघा, मीसुद्धा ‘वाटलं’च म्हणाले.”

त्यांच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला चेकबॉक्स, म्हणजे तो खूण करायचा लहानसा चौकोन, पुन्हा कधी क्षुल्लक वाटत नाही. आमच्या धंद्यात त्याला फारसे कोणी मोजत नाही. मॅडमचे म्हणणे असे, की लिहिता न येणारा माणूसही चौकोनात खूण करू शकतो, म्हणून तोच सर्वांत जास्त जपायचा. चौकोन लहान असला तरी त्याच्या शेजारच्या शब्दांवर बोट ठेवले की खूण झालीच पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम. नांगराच्या मुठीवर राबलेल्या बोटाला तेवढा चौकोन सापडत नाही, असे त्या सांगत.

एका शाळेसाठी आम्ही सहलीची नावनोंदणी केली होती. वर्गाच्या नावासमोर एक चौकोन, त्याखाली विद्यार्थ्यांचे चौकोन. वर्गावर खूण केली की सगळ्या विद्यार्थ्यांवर खूण होई. तिथल्या लिपिक बाईंनी एकेका पालकाला फोन करून विद्यार्थी निवडले, आणि शेवटी चुकून वर्गाच्या चौकोनाला हात लागला. सगळी मुले सहलीला निघाली. घाबरून त्यांनी पुन्हा हात लावला, तर एकही मूल उरले नाही. बाईंनी फोनवर तक्रार केली तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, की सगळीकडे असेच चालते. मॅडमनी त्याला जवळ बसवले. “सगळीकडं चालत असेल. पण बाईंनी दिवसभर बसून निवडलेलं आपल्या एका चौकोनानं पुसलं ना? माणसानं केलेली निवड आपण होऊन पुसायची नाही.” त्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर काही मुले निवडली असतील तर वर्गाच्या चौकोनात पूर्ण खूण न येता आडवी रेघ येऊ लागली, म्हणजे ‘थोडे निवडले आहेत’. आणि हात चुकला, तर पुन्हा हात लावल्यावर बाईंची स्वतःची निवड जशीच्या तशी परत येऊ लागली.

आता ज्या कामामुळे मॅडमचे नाव जिल्हाभर झाले, त्याविषयी लिहितो. मी त्याचा साक्षीदार आहे.

एका सेवाभावी संस्थेने जिल्ह्यात दिव्यांगांसाठी शिबिरे घ्यायचे ठरवले होते. स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन, कोणाला चालण्यात, ऐकण्यात, पाहण्यात अडचण आहे हे मोबाइलवर नोंदवायचे. त्या नोंदीवरून कोणाला कुबड्या, कोणाला तीनचाकी, कोणाला श्रवणयंत्र याची मागणी जायची. फॉर्मचे काम आमच्याकडे आले. कुटुंब, कुटुंबातील माणसे, प्रत्येकाच्या अडचणी, प्रत्येक अडचणीखाली लागणारी साधने, असा तो फॉर्म होता. आमच्यासारख्या लहान कार्यालयाला एवढे मोठे काम पहिल्यांदाच मिळाले होते. संस्थेच्या वतीने देशमुख साहेब सगळे पाहत होते. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, शब्दाला पक्के गृहस्थ.

फॉर्म तयार झाल्यावर मॅडमनी प्रत्यक्ष गावात जाऊन पाहायचे ठरवले. आम्ही चारठाण्याला गेलो. जुन्या देवळांपलीकडच्या वस्तीत नामदेवराव नावाचे शेतकरी भेटले. घरात ते, त्यांची पत्नी रुक्मिणबाई आणि मोठे भाऊ किसनराव. किसनरावांचा एक पाय लहानपणापासून अधू. मी विचारत गेलो, नामदेवराव सगळ्यांच्या वतीने उत्तरे देत गेले.

“चालायला कोणाला अडचण?”

“किसनदादाला. पाय दिसायलाच की तुमाला.”

“ऐकायला?”

“न्हाई, सगळ्यायला येतं ऐकू.”

रुक्मिणबाई चुलीपाशी चहा ठेवत होत्या. नामदेवरावांनी त्यांना साखर जास्त टाकू नको म्हणून दोनदा सांगितले. त्यांनी मान वळवली नाही. चहा गोड झाला. आम्ही तो पिऊन निघालो.

परतीच्या वाटेवर, जीपमध्येच मॅडमनी भरलेली नोंद उघडली. मग मोबाइल माझ्यापुढे धरला. “अनंत, हे बघा. नामदेवरावांना चालता येत नाही म्हणतोय आपला फॉर्म. अन् किसनराव ठणठणीत.”

आत्ताच तर नामदेवराव सुटलेल्या कालवडीमागे पळताना आम्ही पाहिले होते. मला काही उलगडेना. कार्यालयात आल्यावर मॅडमनी सगळ्यांना बसवून समजावले, ते वाचकांसाठी इथे देतो, कारण ते कोणालाही कळण्यासारखे आहे.

“आपण वर्गात हजेरी घ्यायलोय असं समजा,” त्या म्हणाल्या. “पण नावं पुकारली नाहीत. पोरांना सांगितलं, हजर असाल तर ‘हजर’ म्हणा. जे आले नाहीत ते काहीच बोलत नाहीत. आता एकच ‘हजर’ ऐकू आलं. तुम्ही ते पटावर कोणापुढं लिहाल? पहिल्या नावापुढं. पण बोलला होता तिसरा. रिकामा चौकोन असाच असतो. तो सर्व्हरकडं, म्हणजे नोंदी जिथं साठतात त्या संगणकाकडं, काही पाठवतच नाही. नामदेवरावांचा चौकोन रिकामा, रुक्मिणबाईंचा रिकामा, खूण फक्त किसनरावांची. ती एकटी पोचली अन् पहिल्याच्या नावावर बसली. किसनरावांच्या कुबड्या नामदेवरावांना.”

उपाय अवघड नव्हता. प्रत्येक खुणेसोबत ती कोणत्या माणसाची हे जायला हवे, आणि रिकाम्या चौकोनानेही ‘मी रिकामा आहे’ असे कळवायला हवे. आम्ही कामाला लागणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “थांबा. अजून एक आहे. रुक्मिणबाईंना ऐकू येतं, हे आपल्याला कोणी सांगितलं?”

“नामदेवरावांनी,” मी म्हणालो.

“रुक्मिणबाईंना विचारलं का?”

विचारले नव्हते. मॅडमचे म्हणणे असे, की रिकामा चौकोन पाहून आपण ‘अडचण नाही’ असे वाचतो. पण त्याचा अर्थ ‘विचारलेच नाही’ असाही असतो, आणि या दोन गोष्टी एकाच रिकाम्या जागेत राहता कामा नयेत. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक अडचणीपुढे ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘त्यांना विचारले नाही’ असे तीन पर्याय द्यायचे, असे त्यांनी ठरवले. म्हणजे फॉर्मचा मोठा भाग नव्याने बांधायचा. आणि काम सुरू व्हायचा दिवस येत्या सोमवारवर आला होता.

देशमुख साहेब दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी ऐकून घेतले, पण त्यांचा चेहरा बदलत गेला.

“मॅडम, सगळ्या तालुक्यांत स्वयंसेवक ठरलेत. डॉक्टरांच्या तारखा घेतल्यात. तुमी ऐन वेळेला असं म्हणायलात. एखाद-दुसरी चूक राहते. ती नंतर हातानं दुरुस्त करू.”

“कोणती चूक आहे, ते कसं कळेल साहेब? फॉर्म तर बरोबरच दिसतो.”

“मला सोमवारी सुरू करायचंय.”

“मग दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. आमचं झालेलं सगळं काम मी बांधून देते, अडवणार नाही. पण हा फॉर्म चालतो असं मी म्हणणार नाही. चालत नाही तो.”

देशमुख साहेब चहा न घेता उठले. जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज आला आणि मग खालच्या गिरणीचा. हे काम गेले असते, तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना मॅडमनी कसे सांभाळले असते, कोण जाणे. शबाना हळूच म्हणाल्या, “मॅडम, जरा नरमाईनं बोलला असता तर?” मॅडमनी खुर्ची संगणकापुढे ओढली. मग त्या म्हणाल्या, “नरमाईनंच बोलले की. यापेक्षा नरम बोलले असते, तर खोटं झालं असतं. चला, काम कोणाचं का असेना, फॉर्म नीट करू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी देशमुख साहेब पुन्हा जिना चढून आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतःहून चहा मागितला. घरी जाऊन त्यांनी तोच जुना फॉर्म आपल्या कुटुंबासाठी भरून पाहिला होता.

“मॅडम,” ते म्हणाले, “आमच्या हिचे गुडघे माझ्या नावावर चढले.”

सगळे हसले, पण ते हसत नव्हते. “अन् दुसरी गोष्ट. हिला कमी दिसायलंय, डोळ्यांत मोतीबिंदू पिकायलाय, हे मला काल कळलं. फॉर्म भरताना मी तिला न विचारताच ‘नाही’ म्हणून पुढं गेलो होतो. मग तुमचं बोलणं आठवलं अन् परत विचारलं. मॅडम, किती दिवस लागतील ते सांगा. डॉक्टरांशी मी बोलतो.”

शिबिरे लांबली. काही जण नाराज झाले, काहींनी देशमुख साहेबांना बोल लावले. ते सगळे त्यांनी स्वतःवर घेतले. नव्या फॉर्मवर ‘त्यांना विचारले नाही’ असलेल्या घरी स्वयंसेवक दुसऱ्यांदा गेले. त्या नावांत सर्वांत जास्त बायका होत्या. चारठाण्याला मॅडम स्वतः गेल्या आणि रुक्मिणबाईंच्या समोर, त्यांना ओठ दिसतील अशा बसल्या.

“रुक्मिणबाई, ऐकू कसं येतं तुम्हाला?”

“कमीच येतं. भांडं पडलेलं कळतं. माणूस बोललेलं न्हाई कळत.”

नामदेवराव चकित झाले. “मंग सांगितलं न्हाई कामून इतके दिस?”

त्यांचे ओठ पाहून रुक्मिणबाईंना प्रश्न कळला. “मला कोनी इचारलं का?” त्या म्हणाल्या. रागाने नाही, साधे उत्तर द्यावे तसे.

जिंतूरच्या शिबिरात किसनरावांना कुबड्या मिळाल्या आणि रुक्मिणबाईंना श्रवणयंत्र. यंत्र बसवल्यावर नामदेवराव, कळल्यापासून लागलेल्या सवयीने, त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने काहीतरी सांगू लागले. त्या दचकून मागे सरल्या. “एवढं वरडायला काय झालं? ऐकू यायलंय मला!” मांडवातली माणसे हसली. नामदेवराव ओशाळले, मग तेही हसले. मॅडम मात्र तोंड फिरवून पदराने डोळे पुसत होत्या.

आज देशमुख साहेब मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीचे प्रमुख आहेत. हा लेख लिहिण्याची सूचना त्यांचीच.

मॅडमच्या मायेविषयी लिहायला बसलो तर ग्रंथ पुरणार नाही. शबाना यांना बाळ झाले तेव्हा सासरची मंडळी काम सोडायला सांगत होती. मॅडम त्यांच्या घरी गेल्या, सासूबाईंसोबत दुपारभर बसून शेवया खाल्ल्या, कामाचा विषयच काढला नाही. निघताना सासूबाईच म्हणाल्या, “आप की बच्ची है, ले जाओ. बच्चे को मैं देखूँगी.” माझे वडील परभणीच्या दवाखान्यात होते, तेव्हा मॅडम रोज भाकरी आणि पातळ वरण घेऊन येत. मी संकोचाने नको म्हणालो, तर म्हणाल्या, “तुमच्यासाठी नाही आणलं. काट्यावरच्या माणसाला वजन कमी झालेलं चालत नाही.” आजारपणात वडील पहिल्यांदा हसले, ते या बोलण्यावर. ते बरे होऊन सेलूला परतले, आणि पुढे कितीतरी वर्षे प्रत्येक संक्रांतीला मॅडमसाठी तीळगूळ बांधून माझ्याजवळ देत राहिले.

हाताखालच्या सर्वांत नव्या मुलीलाही मॅडम ‘तुम्ही’ म्हणतात. कोणाची चूक सापडली तर ती त्याला एकट्याला सांगतात. चांगले केले तर सगळ्यांसमोर. त्यांच्याकडे शिकून पुण्याला, हैदराबादला गेलेले अनेकजण आज मोठ्या जागांवर आहेत. त्यांना जाऊ देताना मॅडमनी कधी अडवले नाही. स्टेशनवर पोचवायलाही त्या जातात, आणि परत आल्यावर दिवसभर कोणाशी फार बोलत नाहीत, हे आम्हा राहणाऱ्यांनाच ठाऊक.

मागच्या वर्षी मॅडमच्या छातीत दुखू लागले आणि आम्हा सर्वांची पाचावर धारण बसली. उपचार झाले, त्या बऱ्या झाल्या. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. कृषी विद्यापीठाच्या झाडांखालच्या रस्त्यावर त्या सकाळी फिरायला जातात, आणि एकट्या जाऊ नयेत म्हणून आम्ही सहकाऱ्यांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. सांभाळायला म्हणून आम्ही जातो खरे, पण मॅडम भराभर चालतात, चालता चालता नव्या कामाविषयी बोलतात, मध्येच वळून “कळलं का?” असे विचारतात, आणि उत्तर द्यायला आमच्यात दम उरलेला नसतो.

वयाची साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या आमच्या मॅडमना निरामय, दीर्घ आयुष्य मिळो. त्यांच्या मागे असेच धापा टाकत चालण्याचे भाग्य आम्हाला पुढची पुष्कळ वर्षे लाभो.